होटगी ते बळ्ळारी, एक तास पन्नास मिनिटं

मी आता जे सांगणार आहे ते कुणालाही खरं वाटणार नाही, आणि चुकून वाटलंच तर माझी आयुष्यभराची कमाई बुडाली म्हणायची. कारण मी थापाड्या. होटगी जंक्शनवर गाडी बदलायला उतरलेल्या माणसांना ‘हे वाडी जंक्शन, तुम्ही पुढं आलात’ असं सांगून मी त्यांची बोचकी घेऊन झालेली पळापळ बघितली आहे. मोहोळच्या बाजारात, माझ्या एडक्याला फक्त कानडी कळतं असं पटवून एका गिऱ्हाइकाला अर्धा दिवस त्या एडक्यासमोर ‘बा, बा’, म्हणजे ‘ये, ये’, करत बसवलं आहे. तर असा मी, धुळा धनगर, सात पिढ्या मेंढरांच्या मागं पायी चाललेल्यांतला आठवा, सन तेहेतीसच्या कार्तिकात खांद्यावर घोंगडी टाकून होटगीच्या माळावरून टपालाच्या विमानात बसलो आणि एक तास पन्नास मिनिटांनी बळ्ळारीच्या माळावर उतरलो. एकशे पंच्याऐंशी मैल. मेंढरं घेऊन गेलं तर वीस मुक्काम. हसा. गिरणीच्या फाटकावर, जिथं मी आता रखवालदार आहे, तिथं पाळी सुटली की सगळे हसतात. आमच्या चाळीतला शेजारी ईश्वरप्पा, साच्यांवरचा जॉबर, म्हणजे मुकादम, तो तर रोज न चुकता विचारतो, "मामा, इमानात चढताना शेपूट धरलंतंस का शिंगं?" मी म्हणतो, "कान." तेवढ्यावर त्याचा दिवस जातो, माझाही जातो.

गेल्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरली होती त्या रविवारी, गिरणी बंद होती. आमच्या खोलीपुढच्या ओट्यावर मी चहा पीत होतो. बायको, गोजाबाई, पाय पसरून लोकर पिंजत होती. हवेत लोकरीचा चुरा तरंगत होता आणि तो उन्हात गेला की दिसायचा, सावलीत आला की नाहीसा व्हायचा. मी तेवढंच बघत होतो. त्या उन्हाच्या पट्ट्यात एक बाई येऊन उभी राहिली. इरकली लुगडं, कपाळावर आडवं भस्म, हातात जत्रेतली चिरमुऱ्याची पुडी. "फुलाची अव्वा हितंच ऱ्हात्यात काय?" असं तिनं कानडी हेल काढून, आईला अव्वा म्हणत, विचारलं, आणि माझ्या हातातली बशी हलली नाही. हलली असती तर बरं झालं असतं. ती इतकी स्थिर राहिली की मलाच तिची भीती वाटली. मी त्या बाईला ओळखलं होतं. पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पाव घटका मी तिला पाहिलं होतं, बळ्ळारीत, एका दाराच्या पायरीवर, कोपरापर्यंत हात धुताना. सिद्धम्मा. माझ्या लेकीची, फुलाची, भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. फुला गेली तेव्हा तिच्याजवळ हीच होती.

आता ऐका, म्हणजे पुढं बुचकळ्यात पडणार नाही. माझ्या गोष्टीत लोक ज्याला हसतात ते विमान खरं आहे. ज्याला कुणी हसत नाही, जे ऐकताना ईश्वरप्पासुद्धा मान खाली घालतो, ते खोटं आहे. मी म्हणत आलो की विमानातून उतरलो, थेट लेकीच्या घरी गेलो, ती जिवंत होती, दाराआडून माझ्याशी चार शब्द बोलली, आणि मग गेली. ते चार शब्द गोजाकडे होते. दुसरं काही नव्हतं. जावयानं वर्षाच्या आत दुसरी केली, नातू की नात ते जग न बघताच आईबरोबर गेलं. मला गिरणीतून यायला उशीर झाला, अंगात कसर असली, सणाला पुरण शिजायला टाकलं, की गोजा म्हणायची, "सांगा की, काय म्हणाली ती," आणि मी सांगायचो. पहिल्या वर्षी दोन शब्द होते. चार व्हायला तीन वर्षं लागली. ती गोष्ट म्हणजे गोजाकडं उरलेली फुला होती, आणि तिची खरी शेवटची दुपार ज्या बाईच्या डोळ्यांत होती ती बाई आता आमच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती, चिरमुऱ्याची पुडी उलगडत.

गोजा रडली नाही. तिनं सिद्धम्माचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, जणू त्या हातांवर काही राहिलं असेल. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अवो, सांगा की हिला. इमानातनं कसं गेला ते."

"तिला ठावं हाय," मी म्हणालो.

"हिला शेवटचं ठावं. पैलं कुटं ठावं? आन् मलाबी ऐकायचंय, हिच्या म्होरं."

आवाज ऐकून ईश्वरप्पा अंगातली बंडी सावरत बाहेर आलाच. "सांग मामा, सांग. पाव्हण्याबी हसू द्यात. वस्तीला ऱ्हाणार न्हवं बाई? कारन मामाचं इमान लई सावकाश उडतं."

सिद्धम्मा माझ्याकडं बघत नव्हती. चिरमुरे एकेक करून तोंडात टाकत होती. मी सुरुवात केली, आणि लांबवायचं ठरवलं. जमिनीपासून आभाळापर्यंत जितकं म्हणून ताणता येईल तितकं ताणायचं; उतरायचंच नाही. सांज होईल, तिच्या माणसांची तिला आठवण होईल, जत्रेतली आतषबाजी सुरू होईल, ती उठेल. मी माळापासून धरलं. होटगीच्या रस्त्यावरचा तो माळ टपालाच्या कंपनीनं अडल्यानडल्याला विमान उतरवायला घेतला होता आणि त्यावर माझी मेंढरं चरायची, म्हणून ती हाकलायला कंपनीनं मलाच ठेवला, हे सांगितलं. मीच माझ्या मेंढरांना दगड मारायचो आणि त्याचा पगार घ्यायचो, यावर ईश्वरप्पा हसला. आठवड्यातून एकदा विमान डोक्यावरून बळ्ळारीकडं जायचं; आधी माशी, मग भुंगा, मग दातांत घुसणारी घरघर; ती ऐकू आली की मी ओल्या शेणींचा धूर करायचा, म्हणजे वरच्याला वारा कुठला ते कळतं. ते कधी उतरायचं नाही. एक वर्ष मी आभाळाला धूर दाखवत होतो, आणि आभाळ निघून जात होतं.

त्या सकाळी तार आली हे सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच खाली गेला. तो मुद्दाम जातो की आपोआप, हे आता मलाही सांगता येत नाही. आठ वाजता स्टेशनचा शिपाई माळावर तार घेऊन आला आणि त्यानंच वाचून दाखवली. फुला अडली, निघून या. तिला आठवा होता. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण आठव्यात पोरीला प्रवास घडवू नये, आठव्याचं मूल वाटेत हाती लागत नाही, म्हणून आम्ही नववा लागायची वाट बघत होतो. गोजा तेव्हा नातेपुत्याला भावाच्या मेंढरांबरोबर होती. गदगची गाडी दुपारची, मग गदगला रात्रभर बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी कधीतरी बळ्ळारी. मी तार हातात धरून उभा होतो. कागद निळसर होता आणि त्याला डिंकाचा वास येत होता, आणि तेवढ्यात माशीचा आवाज झाला. भुंगा झाला. मी धूर केला नाही. हात चालेना. आणि त्या दिवशी, वर्षात पहिल्यांदा, विमान खोकलं, एक पंख खाली करून वळलं आणि माळावर उतरलं.

"बिरोबानं उतरवलं," गोजा म्हणाली. हे ती दर वेळी म्हणते.

विमानवाला पोरगेलाच होता, मानेवर गळू आलेलं, त्यामुळं सगळं अंग वळवून बघायचा. कसलीशी तेलाची नळी त्यानं आवळली, वीस मिनिटं गेली असतील. मी रडत होतो हे मला त्यानं विचारल्यावर कळलं. "क्या हुआ, बुड्ढे?" मी तार दिली. त्यानं वाचली, माझ्या घोंगडीकडं पाहिलं, टपालाच्या पिशव्यांकडं पाहिलं. म्हणाला, "बळ्ळारी? दो घंटा. बैठो." शिपाई तिथंच होता, तो म्हणाला, मी स्टेशनातून उलट तार करायला लावतो, बाप विमानानं येतोय म्हणून. त्यानं ती केली. चांगला माणूस. त्यानं ती तार केली नसती तर आज मी सुखानं थापा मारल्या असत्या.

मी पिशव्यांवर बसलो. मग पोट खाली माळावर राहिलं आणि मी वर गेलो. हे सगळं मी ओट्यावर रंगवून सांगितलं: ढगाला हात लावला तर तो ओल्या लोकरीसारखा लागला, एक घार शेजारून जाताना माझ्याकडं बघून वळली, होटगीचं स्टेशन चिमटीत मावलं. ईश्वरप्पा मांडीवर थाप मारत होता. "घारीनं रामराम केला का न्हाय?" "न्हाय, ती तुझ्यावानी, शिकल्याली न्हवती." पण आत, डोळ्यांमागं, दुसरंच चाललं होतं. आमची सावली खाली शाळूतून पळत होती, कळपातून चुकलेल्या कोकरासारखी, आणि तिच्यामागं कुणी धावत नव्हतं. आवाज इतका की विचार करायला जागाच नव्हती. दात दातांवर वाजत होते. पायांखाली काही नाही हे पायांना कळलं होतं आणि ते आपापले मुडपून बसले होते. मग नदी आली. भीमा. ती मी वळणावरून ओळखली. थोड्या वेळानं पुन्हा नदी आली. वाळूचा पट्टा, मध्ये पाण्याची रेघ. आणि आणखी थोड्या वेळानं पुन्हा. वरून नदीला वास नसतो. मेंढरं घेऊन चाललात तर नदी चार दिवस आधी कळते. जनावरं नाक वर करतात, माती हाताला गार लागते, गवताचा रंग फिरतो, पलीकडच्या काठाच्या लोकांची शिवी बदलते. कृष्णेला मी एकदा उतार सापडेना म्हणून पाच दिवस बसून राहिलो होतो आणि तिनं माझी तीन कोकरं घेतली होती. ती कृष्णा अशी, बिडी ओढून संपायच्या आत, खालून निघून जाते? मला वाटलं, ही तीच भीमा. हे पोर फिरतंय. तीनदा त्याच नदीवरून नेलं मला, नळी पुन्हा बिघडली असेल, जागा शोधतंय उतरायला. मी ओरडून विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. मानेला गळू, त्यानं मागं पाहिलंही नाही.

आणि तो उतरला. माळ. काळी माती. शाळू उभा. एका बाजूला ओल्या शेणींचा धूर, आणि धुराशेजारी घोंगडी पांघरलेला एक कुरुब, म्हणजे तिकडचा धनगर, म्हातारा. तो मीच होतो. म्हणजे तसाच, तोच पगार खाणारा, तीच काठी. लांब एक खडकाचा डोंगर होता, पण डोंगर कुठं नसतात? विमानवाल्यानं हात लांब करून दाखवलं, "उधर, तीन मैल, जल्दी जा," आणि पेट्रोलच्या डब्यांकडं पळाला. मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, कुठला गाव हा? तो हसला. दात नव्हते. म्हणाला, "इदे बळ्ळारी, अज्जा." हीच बळ्ळारी.

ते हसू मी ओळखलं. होटगीच्या फलाटावर ‘हे वाडी जंक्शन’ म्हणताना मी नेमका तसाच हसत आलो होतो. बोचकं घेतलेला, भांबावलेला, धुळीनं माखलेला माणूस समोर आला की तोंडाच्या ह्या कोपऱ्यातून ते येतं. मला राग आला नाही. उलट आपण फसलो नाही याचं एक थंड सुख वाटलं. वीस मुक्काम! आणि हा म्हणतो बळ्ळारी! कानडी तर अक्कलकोटातही बोलतात, होटगीच्या पुढच्या ओढ्यापलीकडंही बोलतात. मी हिशेब मांडला: भीमेच्या काठाशी कुठंतरी टाकलंय मला. फार तर दोन मुक्कामांचं अंतर. उत्तरेला सरळ गेलं की रेल्वेचा रूळ लागेल, दुपारची गाडी धरता येईल, उद्या बळ्ळारी. अजून काही गेलं नाही. मी सूर्य पाठीवर घेतला आणि चालायला लागलो. मला धनगराची चाल होती, पन्नाशी उलटली तरी. वाटेत कापूस वेचणाऱ्या दोघी भेटल्या. विचारलं, बळ्ळारी कुठं? त्यांनी माझ्या पाठीमागं बोट दाखवलं. मग तर खात्रीच झाली. बळ्ळारी मागंच असणार. बळ्ळारी दक्षिणेला असते हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

"इमान उतरलं आन् मग?" गोजा म्हणाली.

मी बळ्ळारीच्या माळाचं वर्णन करत होतो, त्याला आता बराच वेळ झाला होता. ईश्वरप्पाची विडी दोनदा विझली होती. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं. सिद्धम्मा उठायचं नाव घेत नव्हती. तिनं चिरमुऱ्यांची पुडी घडी करून मांडीवर ठेवली होती आणि आता ती बघत होती, माझ्याकडं, सरळ. त्या नजरेत काही नव्हतं. राग नव्हता, दया नव्हती. विहिरीत किती पाणी आहे ते बघायला वाकतात तशी ती वाकली होती.

डोळ्यांमागं मी चालतच होतो. किती? तीन तास म्हणतो, कारण सूर्य डोक्यावरून खांद्यावर आला होता. मग एका पडीक रानात मेंढरं दिसली, दख्खनी, काळी, कानाला वेगळाच काप मारलेली. तो काप मी पाहिला नव्हता. सात पिढ्यांत आमच्याकडं कुणी तो काप पाहिला नव्हता. मी त्या मेंढक्याला विचारलं, भीमा कुठं? त्याला आधी नाव समजेना. मग समजलं. तो हसला नाही. काठी काखेत घेतली, दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग एक हात पुन्हा, मग एक बोट. हदिनारु. सोळा दिवस. मेंढरांचे सोळा दिवस.

मैलांवर मी विश्वास ठेवला नव्हता. घड्याळावर नाही, इंजिनावर नाही, माणसाच्या सांगण्यावर नाही, बोटं दाखवणाऱ्या बायांवर नाही. पण मेंढरांचे दिवस खोटं बोलत नाहीत. त्या सोळा बोटांत तीन नद्या सुट्या झाल्या: भीमा, कृष्णा, तुंगभद्रा. मी तिन्ही ओलांडल्या होत्या. मी पोचलो होतो. अकरा-साडेअकरालाच पोचलो होतो आणि तेव्हापासून माझ्या लेकीकडं पाठ करून चाललो होतो, बापजाद्यांनी शिकवली ती चाल, न थांबता, वाट न चुकता.

परत पळालो. पळताना वहाणा टाकल्या. दिवे लागले तेव्हा घर सापडलं. जावई बिरप्पा अंगणात तोंड भिंतीकडं करून बसला होता. पायरीवर ही बाई हात धुत होती, कोपरापर्यंत, आणि तिनं माझ्याकडं पाहून आधी मला ओळखलंच नाही. मग म्हणाली, "तार आली हुती. सकाळी इमान आलं तवा तिनं आवाज ऐकला. म्हनाली, अप्पा आला. मग तीन वाजेपतूर दाराकडंच बघत हुती." एवढंच. पुन्हा हात धुवायला लागली.

माती दिली. परत आगगाडीनं आलो. बळ्ळारीहून गदग, गदगहून होटगी. एक दिवस आणि एक रात्र आणि वर काही तास. त्या गाडीत मला पहिल्यांदा कळलं की अंतर म्हणजे काय. ते दर स्टेशनाला पोटात दुखत होतं. होटगीच्या फलाटावर गोजा उभी होती, नातेपुत्याहून आलेली, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. तिला मरणाची बातमी कळलेली होती. तिनं एकच विचारलं, "भेटली का?" मी म्हणालो, "भेटली." आयुष्यभर मी हजार थापा मारल्या, त्यात मजा होती. ही मारताना जीभ लाकडाची झाली होती. मेंढरं विकली. माळावरची नोकरी सोडली. गिरणीत आलो, कारण गिरणीच्या भोंग्याखाली आभाळातला आवाज ऐकू येत नाही. थोडा येतोच.

"बोला की," गोजा म्हणाली. "उतरला. मग?"

"मग काय," मी म्हणालो. "तीन मैलांचा रस्ता. हा असा गेलो." मी हात सरळ केला. हात सरळ राहिला. "ऊन डोक्यावर हुतं. घर लगीच घावलं. ह्या सिद्धम्मा दारातच हुत्या."

म्हटलं आणि थांबलो. ते थांबणं मी कधी गोष्टीत घातलं नव्हतं. लोकरीचा चुरा खाली बसला होता. ईश्वरप्पा सिद्धम्माकडं बघून डोळा बारीक करत म्हणाला, "काय बाई? इमान पायलंसा का तुमी? का मामा बैलगाडीनं आल्ता?"

सिद्धम्मा म्हणाली, "इमान आलं हुतं. समद्या गावानं ऐकलं." मग, गोजाकडं बघत, "व्हय. दुपारीच आले हे. उन्हात आले."

तिनं मला झाकलं होतं. का, ते मला आजही माहीत नाही. कदाचित मला नव्हे. समोर बसलेल्या आईला झाकलं असेल. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं की आता साक्षीदार माझ्या बाजूला आहे, जगात आता असं कुणीच उरलेलं नाही जे माझ्यासमोर येऊन ‘तू सांजंला आलास’ म्हणेल. पाच वर्षं मी ती गोष्ट अंग चोरून सांगत होतो. दाराबाहेरच उभा राहत होतो, चार शब्दांच्या पुढं जात नव्हतो. आता दार उघडं होतं. थापाड्याचा रोग असा की माणसं मान हलवायला लागली की त्याला थांबता येत नाही. आणि खरं सांगू, त्या वेळी ते थापेसारखं वाटलंही नाही. मला ते दिसत होतं. मी उंबरा ओलांडला. आत अंधार होता, ओव्याच्या धुरीचा वास होता. फुला जमिनीवर, घोंगडीवर पडलेली होती, केस कपाळाला चिकटलेले. मी तिच्या उशाशी बसलो. तिनं डोळे उघडले. माझ्या तोंडून शब्द येत होते आणि मला वाटत होतं, असंच झालं होतं, मीच विसरलो होतो.

"मी तिचं डोस्कं मांडीवर घेतलं," मी म्हणालो. "तिला कळ आली तवा तिनं माजा हात दाबला. हितं. म्हनाली, अप्पा, पानी. मी पेला लावला तोंडाला. दोन घोट घेतले. म्हनाली, आईला सांगा, मला काय बी दुखत न्हाय. आन् माज्या हातावरच..."

ईश्वरप्पानं विडी टाकून दिली होती. तो डोळे पुसत होता, जॉबर असूनही. सिद्धम्मानं मान खाली घातली होती आणि ती वर करत नव्हती. फक्त गोजा माझ्याकडं बघत होती. ती रडत नव्हती. तिच्या हातात लोकरीचा पुंजका होता आणि तो तिनं हळूहळू, नीट, खाली ठेवला.

"सिद्धम्मा," ती म्हणाली, "तुमच्यात बाईला कळा येत असल्या म्हंजी बाप्या मानसाला खोलीत घेत्यात?"

सिद्धम्मा मांडीवरच्या पुडीची घडी मोडून पुन्हा घालायला लागली.

"बापाला घेत्यात? लेकीचं डोस्कं मांडीवर घिऊन बसू देत्यात?"

"मामी, आसंल की," ईश्वरप्पा म्हणाला. "मरनाच्या येळंला कोन बघतंय..."

"तू गप," गोजा म्हणाली. तिनं सिद्धम्माच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू सुईनीजवळ हुतीस. तू घेतलंस ह्यांना आत?"

सिद्धम्माचे ओठ हलले. मला दिसलं, ती ‘व्हय’ म्हणायचा प्रयत्न करत होती. ते आलं नाही. तिनं डोळ्यांना पदर लावला.

माझ्याकडं उत्तरं होती. निदान दहा. सुईण बाहेर गेली होती. दार मोडलं होतं. पोरीनंच हाक मारली होती. एकेक उत्तर जिभेवर येऊन उभं राहत होतं, तयार, गुळगुळीत. गोजा माझ्याकडं वळली. तिनं आवाज चढवला नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती मला काही सांगत होती, विचारत नव्हती.

"खोटं बोलतायसा तुमी," ती म्हणाली. "तुमी तितं पोचला तवा फुला न्हवतीच."